खेळ, काम आणि विश्वास : डिझाइन गटांच्या संघबांधणीतील सहकारी खेळांची दशावताराच्या संदर्भात चिकित्सा

सारांश

डिझाइनच्या शिक्षणात आणि व्यवसायात गटाची बांधणी व्हावी म्हणून सहकारी खेळांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. हे खेळ बहुधा प्रत्यक्ष कामापासून अलग ठेवले जातात आणि त्यांतून निर्माण झालेला विश्वास पुढे आपोआप कामात उतरेल असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी दक्षिण कोकणातील दशावतार या लिखित संहितेविना उभ्या राहणाऱ्या सामूहिक कलाप्रकाराचा आणि मालवण तालुक्यातील धामापूरच्या तळ्याचा आधार घेतला आहे.

प्रस्तावना

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्राची स्थापना झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातील डिझाइन शिक्षणाचा विस्तार होत गेला आणि अलीकडच्या दोन दशकांत पुण्यामुंबईबाहेरची महाविद्यालयेही या क्षेत्रात उतरली. या शिक्षणात गटकार्याला मोठे स्थान आहे. एखादी वस्तू, सेवा अथवा सार्वजनिक जागा यांची रचना एकट्याच्या प्रतिभेतून होत नाही. तेथे चित्रकार, अभियंता, वापरकर्ता, कारागीर आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा या सर्वांना एकत्र विचार करावा लागतो. विद्यार्थ्यांचे गट मात्र हजेरीपटाच्या क्रमाने किंवा मैत्रीच्या आधारे पडतात, त्यांतील काम एकदोघांच्या खांद्यावर येते आणि गुण सर्वांना सारखे मिळतात. हा अनुभव बहुतेक अध्यापकांच्या परिचयाचा आहे. या अडचणीवरचा प्रचलित उपाय म्हणजे सत्राच्या आरंभी घेतले जाणारे सहकारी खेळ होत.

हे खेळ निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ते नेमके काय साधतात आणि काय साधत नाहीत, याची तपासणी झाल्याखेरीज त्यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान देणे घाईचे ठरेल. ही तपासणी करताना परक्या भूमीतील सिद्धान्तांइतकाच आपल्या भाषेतील आणि प्रदेशातील अनुभवही विचारात घ्यावा लागतो. मराठीत ‘खेळ’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. लगोरी हा खेळ आहे आणि नाटकाचा प्रयोग हाही खेळच आहे. कोकणात नमन सादर करणाऱ्यांना ‘खेळे’ म्हणतात. म्हणजे ज्या कृतीत सराव, श्रम, उपासना आणि पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे, तिलाही आपली भाषा खेळच म्हणते. खेळ आणि काम यांची जी फारकत आधुनिक संघबांधणीत गृहीत धरलेली दिसते, ती मराठी भाषेने तितक्या काटेकोरपणे कधी केलेली नाही.

सहकारी खेळांचे दोन प्रवाह

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत सहकारी खेळांविषयीचा विचार दोन प्रवाहांनी पुढे गेला. पहिला प्रवाह नाट्यशिक्षणातून आणि स्पर्धाविरोधी क्रीडाविचारातून आला. व्हायोला स्पोलिन यांचा उत्स्फूर्त नाट्याविषयीचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. नटाची भीड चेपावी, त्याने सहकलाकाराकडे लक्ष द्यावे, म्हणून त्यांनी अनेक खेळ रचले. पुढे १९७८ साली बर्नी डीकोवेन यांनी हारजितीपेक्षा ‘चांगला खेळला गेलेला खेळ’ महत्त्वाचा मानणारा विचार मांडला आणि त्याच वर्षी टेरी ऑर्लिक यांचे सहकारी खेळांवरील पुस्तक आले. कार्यालयीन संघबांधणीत आज दिसणाऱ्या अनेक खेळांचे मूळ या प्रवाहात आहे.

दुसरा प्रवाह थेट डिझाइनच्या क्षेत्रातला आहे. हेन्री सॅनॉफ यांचे ‘डिझाइन गेम्स’ हे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. इमारत किंवा परिसर यांचे नियोजन करताना तेथे राहणाऱ्यांना निर्णयात सहभागी करून घेणारे खेळ हा त्याचा विषय होता. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियात ‘यूटोपिया’ हा प्रकल्प राबवला गेला. वृत्तपत्रांच्या छपाईक्षेत्रातील कामगारांसाठी संगणकीय साधने कशी असावीत, हे त्या कामगारांसह ठरवण्याचा तो प्रयत्न होता. जी यंत्रे अद्याप कामगारांच्या हाती आलेली नव्हती, त्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी ठोकळे मांडून कामगारांनी आपले रोजचे काम ‘खेळून’ दाखवले. या प्रकल्पातील एक संशोधक पेले एन यांनी १९८८ साली या अनुभवाची मीमांसा विट्गेनश्टाइनच्या ‘भाषाखेळ’ या संकल्पनेच्या आधारे केली. कामगार आणि संगणकतज्ज्ञ यांचे भाषाखेळ भिन्न असतात. पुठ्ठ्याच्या यंत्राभोवती दोघांना समजेल असा तिसरा खेळ जन्माला येतो, असे त्या मीमांसेचे सार सांगता येईल.

या दोन प्रवाहांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात खेळ कामाच्या आधी येतो आणि माणसांना कामासाठी तयार करतो. दुसऱ्यात खेळाचे साहित्य हेच कामाचे साहित्य असते आणि माणसे खेळता खेळताच काम करत असतात. महाविद्यालयीन वेळापत्रकात शिरताना पहिला प्रवाह सोपा म्हणून स्वीकारला गेला. दुसरा मात्र वेळखाऊ म्हणून मागे राहिला.

मार्शमॅलोचा मनोरा आणि त्याच्या मर्यादा

पहिल्या पद्धतीच्या उपयोजनाचे सुपरिचित उदाहरण म्हणजे मार्शमॅलोचा मनोरा. पीटर स्किलमन यांनी कल्पिलेला हा खेळ टॉम वुजेक यांच्या २०१० सालच्या व्याख्यानामुळे सर्वत्र पोहोचला. चार जणांच्या गटाला स्पॅगेटीच्या वीस काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो दिला जातो. अठरा मिनिटांत उंचात उंच मनोरा उभारून त्याच्या टोकावर तो गोड, मऊ गोळा ठेवायचा असतो. व्यवस्थापनशास्त्राचे नवे पदवीधर या खेळात मागे पडतात आणि बालवाडीतील मुले त्यांच्यापेक्षा चांगले मनोरे उभारतात, हे वुजेक यांचे निरीक्षण विशेष गाजले. मोठी माणसे योजना आखण्यात वेळ घालवतात व शेवटच्या क्षणी गोळा वर ठेवतात. मुले आरंभापासून गोळा ठेवून पाहतात, पडला की पुन्हा बांधतात.

लवकर करून पाहावे, हा डिझाइनचा मूलभूत धडा या खेळातून निश्चितच मिळतो. परंतु संघबांधणीच्या दृष्टीने त्याची पातळी तपासली तर तीन उणिवा दिसतात. पहिली उणीव अशी की, मनोरा पडल्याने कोणाचेही काही बिघडत नाही. जेथे चुकीची किंमत नाही तेथे एकमेकांवर भिस्त ठेवण्याचा प्रसंगच येत नाही. त्यातून ओळख वाढते, विश्वासाची परीक्षा होत नाही. दुसरी उणीव, सर्वांच्या हाती एकच साहित्य आणि सर्वांपुढे एकच कौशल्य असल्यामुळे भूमिकांची वाटणी होत नाही. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये मात्र भांडणे भूमिकांच्या सीमेवरच होतात. तिसरी उणीव म्हणजे हा खेळ कोणासाठी खेळला जात आहे, याचे उत्तर त्यात नाही. मनोऱ्याला वापरकर्ता नसतो.

वुजेक यांच्याच मांडणीत एक दुसरे निरीक्षण आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. केवळ मुख्याधिकाऱ्यांच्या गटापेक्षा ज्या गटात त्यांच्यासह कार्यालयीन साहाय्यक असतो, तो गट बराच चांगला ठरतो. कामाचा क्रम सांभाळणारी, कोणाचे काय अडले आहे हे पाहणारी व्यक्ती गटाला तारते. म्हणजे खुद्द या खेळातही मेळ साधतो तो भूमिकेच्या स्पष्टतेमुळे.

संशोधनाचा कौलही याच दिशेचा आहे. संघबांधणीच्या परिणामांविषयी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण कॅमेरॉन क्लाइन, एद्वार्दो सालास व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. संघबांधणीचा मध्यम स्वरूपाचा अनुकूल परिणाम होतो आणि त्यातही ध्येयनिश्चिती व भूमिकांचे स्पष्टीकरण हे घटक अधिक प्रभावी ठरतात, असे त्यात आढळले. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका उत्पादन उद्योगातील ५१ कार्यगटांच्या अभ्यासातून ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना पुढे आणली. प्रश्न विचारला, चूक कबूल केली तर गटात आपली मानहानी होणार नाही, ही सदस्यांची सामायिक खात्री म्हणजे मानसिक सुरक्षितता होय. ही खात्री गटाला मिळणारे पाठबळ आणि गटप्रमुखाचे मार्गदर्शन यांच्याशी निगडित असल्याचे त्या अभ्यासात दिसते. एका दुपारच्या खेळाने ती निर्माण होईल, ही अपेक्षा या संशोधनाशी जुळत नाही.

दशावतार : संहितेविना संघ

सिंधुदुर्गातील जत्रांतून रंगणारा दशावतार या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहण्यास साहाय्य करतो. धामापूर हे मालवण तालुक्यातील गाव. शेजारच्या कुडाळ तालुक्यातील वालावल या गावाचे नाव वालावलकर मंडळामुळे दशावताराशी कायमचे जोडले गेले आहे. पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर या मंडळांचीही अशीच ख्याती आहे. कार्तिकापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ही मंडळे गावोगावच्या जत्रांत फिरतात आणि हंगामात जवळजवळ रोज रात्री नव्या गावात उभी राहतात.

या नाटकाला पारंपरिक रूपात लिखित संवाद नसतात. आडदशावतारात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर अशी ठरलेली पात्रे येतात. त्यानंतरचे आख्यान पुराणातील एखाद्या कथेवर असते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे, कोणी कोणते पात्र करायचे आणि प्रवेशांचा क्रम काय, हे रंगपटात तोंडी ठरते. नट स्वतःच रंग लावता लावता ते ऐकून घेतो. पुढचे सारे रंगमंचावर घडते. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच शिळा, तेच शय्या. पेटी, पखवाज आणि झांज यांची साथ प्रत्येक प्रवेशाला हात देत असते. नटाने पदाकडे वळण्याची चाहूल दिली की पेटीवाल्याने सूर धरलेला असतो.

सहकार्याच्या दृष्टीने यातील चार गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, सामायिक संचित. राजा, राणी, ऋषी, राक्षस, नारद या पात्रांची बोलण्याची रीत आणि पुराणकथांचा ऐवज सर्व नटांना ठाऊक असतो. त्यामुळे शब्द नवे असले तरी दिशा परिचित राहते. दुसरी, भूमिकेची जबाबदारी. युद्धनृत्यात निपुण असलेला नट, स्त्रीपार्टी, विनोद सांभाळणारा नट, प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि दुसऱ्याचे काम कोणते हेही प्रत्येकाला कळते. तिसरी, सावरून घेणे. समोरचा नट कथेच्या वाटेवरून भरकटला, तर त्याला उघडे न पाडता प्रश्नोत्तरांच्या ओघात कथेकडे परत आणावे लागते. येथे चूक लपवली जात नाही आणि तिची वाच्यताही होत नाही. तिचा उपयोग करून घेतला जातो. चौथी, साक्षीदार. समोर बसलेल्या प्रेक्षकांना कथा आधीच माहीत असते. फसलेला प्रवेश त्यांच्यापासून लपत नाही आणि मंडळाचे पुढील निमंत्रण त्यांच्या समाधानावर अवलंबून असते.

हा मेळ केवळ वर्षानुवर्षांच्या सहवासाचे फळ आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर ‘संयुक्त दशावतार’ या प्रकारात मिळते. निरनिराळ्या मंडळांतील नामवंत कलावंत एका रात्रीपुरते एकत्र येतात आणि लिखित संहितेवाचून आख्यान उभे करतात. त्यांच्यातील विश्वास परस्परांच्या स्वभावाच्या ओळखीवर जितका आधारलेला असतो, त्याहून अधिक तो सामायिक संचितावर आणि भूमिकांच्या जाणिवेवर आधारलेला असतो. सहवास उपकारक खरा, पण गटाला तोलून धरणारी गोष्ट सहवासापलीकडची आहे. याउलट, ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांत तांत्रिक चमत्कारांसाठी प्रवेशांचा क्रम व वेळ आधीच बांधून घ्यावी लागते. तेथे सावरून घेण्याचा अवकाश त्या प्रमाणात आक्रसतो. साधने वाढली म्हणजे सहकार्य वाढतेच असे नाही, हे डिझाइनच्या प्रयोगशाळांनीही लक्षात घ्यावे असे आहे.

तुलनेच्या मर्यादा

दशावताराचा आदर्श म्हणून जसाच्या तसा स्वीकार करणे मात्र योग्य होणार नाही. परंपरेने हा पुरुषांचा रंगमंच आहे. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत आले. अलीकडे स्त्रियांनी दशावतार सादर करण्याचे प्रयत्न केले असले तरी मंडळांची मूळ घडण बदललेली नाही. मंडळात ज्येष्ठ-कनिष्ठ असा क्रम असतो आणि नवख्याला दीर्घकाळ दुय्यम कामे करावी लागतात. कथानकाचा शेवटही पुराणाने ठरवलेला असतो. राक्षसाचा वध व्हायचाच असतो. डिझाइनच्या गटाला मात्र शेवट माहीत नसतो, किंबहुना प्रश्नच बदलून घेण्याचे स्वातंत्र्य त्याला हवे असते. शिवाय दशावतार ही गावाच्या देवतेची सेवा आहे. तिला वर्गातील क्लृप्तीचे रूप देणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. म्हणून विद्यार्थ्यांना रंग लावून उभे करणे हा येथील निष्कर्ष नव्हे. घेण्यासारखी आहे ती त्यामागची रचना.

त्या रचनेतील एक बाब महाविद्यालयांच्या दृष्टीने कळीची आहे, ती म्हणजे भाषा. दशावतारात राजा प्रौढ मराठीत बोलतो आणि संकासुर मालवणीत. सभेला हसवण्याची सत्ता संकासुराच्या हाती असते. बोलीमुळे त्याचे स्थान उणे होत नाही. संघबांधणीच्या प्रचलित खेळांत मात्र चटकन आणि बहुधा इंग्रजीत बोलणाऱ्याची सरशी होते. मालवण, कुडाळ किंवा देवगडहून आलेल्या विद्यार्थ्याचे हात कुशल असतात, त्याला लाकूड, जाळे, चिरा यांची जाण असते. पण पहिल्याच दिवशी ‘स्वतःविषयी गमतीदार काहीतरी सांगा’ या खेळात तो मागे पडतो आणि गटातील त्याचे स्थान तेथेच ठरून जाते. ज्या साधनाने सर्वांना जवळ आणायचे, तेच साधन उतरंड रचू लागले तर त्याची चिकित्सा करणे भागच आहे. योहान हॉयझिंगा यांनी १९३८ सालच्या ‘होमो लुडन्स’ या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण म्हणून स्वेच्छेचा निर्देश केला होता. हजेरीसाठी सक्तीने खेळवलेला खेळ त्या अर्थाने खेळ राहत नाही.

धामापूरचे तळे : खेळाचे साहित्य

दुसऱ्या प्रवाहातील खेळ आपल्या परिसरात कसा रचता येईल, याचे दिग्दर्शन धामापूरच्या तळ्यावरून करता येते. हे तळे १५३० साली, विजयनगरच्या अमदानीत, नागेश देसाई या मांडलिकाने बांधवून घेतले असे मानले जाते. तळ्याच्या काठी भगवती देवीचे मंदिर आहे. तळ्याच्या पाण्याचा लाभ धामापूर आणि काळसे या गावांना होत आला आहे. सिंचन व निचरा यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० साली या तळ्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा दर्जा दिला. जवळजवळ पाच शतके वापरात असलेली ही रचना बांध, पाण्याची वाट, शेती, देवस्थान आणि भोवतालचे रान यांची एकत्र गुंफण आहे. ती टिकली ती केवळ बांधणाऱ्याच्या कौशल्यामुळे नव्हे, तर पाणी वापरणाऱ्यांच्या परस्पर समजुतीमुळेही टिकली.

समजा, डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला तळ्याच्या परिसरासाठी माहितीफलक, पायवाट किंवा पाणीवापराचे वेळापत्रक यांपैकी काही रचावयाचे आहे. अशा वेळी गटबांधणीसाठी मार्शमॅलोची आवश्यकता नाही. जमिनीवर आखलेला परिसराचा नकाशा, बांधाच्या जागी चिऱ्याचे तुकडे, पाण्याच्या जागी निळी दोरी आणि शेतकरी, देवस्थानाचे मानकरी, पर्यटक, पक्षी-अभ्यासक, ग्रामपंचायत अशा भूमिका एवढे साहित्य पुरेसे आहे. एकाने पायवाट सरकवली की दुसऱ्याच्या शेतात जाण्याची वाट अडते. एकाने दिवे लावले की पाखरांचा थारा जातो. प्रत्येक चालीचा परिणाम दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि तो बोलून, देवाणघेवाण करून सोडवावा लागतो. फेरी संपल्यावर भूमिका बदलाव्यात. शेवटी हा खेळ गावातील जाणत्या मंडळींसमोर मांडावा, म्हणजे दशावताराच्या प्रेक्षकांप्रमाणे कथा आधीच माहीत असलेले साक्षीदार लाभतील. ‘असे होत नाही’ हे त्यांचे एक वाक्य गटाला जे शिकवील, ते परीक्षकाच्या गुणांनी शिकवले जाणार नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष

वरील विवेचनातून डिझाइन गटांसाठी सहकारी खेळ निवडताना पुढील कसोट्या सुचवता येतात. खेळाचे साहित्य शक्यतो प्रत्यक्ष कामातून घेतलेले असावे. त्यात भिन्न भूमिका असाव्यात आणि त्या आळीपाळीने सर्वांच्या वाट्याला याव्यात. एकाची चूक दुसऱ्याला सावरून घेता येईल असा अवकाश नियमांत ठेवावा. खेळ एकदा घेऊन सोडून न देता सत्रभर निरनिराळ्या टप्प्यांवर पुन्हा घ्यावा, कारण संचित पुनरावृत्तीतून साठते. बोली, चित्र, हातवारे, वस्तूंची मांडणी यांना बोलण्याइतकेच मोल असावे. खेळाला गुण देऊ नयेत. गुण द्यायचेच असतील तर ते खेळानंतरच्या नोंदीला, म्हणजे कोणी कोणाला कुठे सावरले याच्या लेखी विचाराला द्यावेत. शेवटची कसोटी साक्षीदाराची. ज्यांच्यासाठी रचना होत आहे त्यांच्यापैकी कोणी तरी खेळ पाहण्यास उपस्थित असावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधिष्ठित आणि बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर असल्यामुळे गटकार्याचे प्रमाण वाढत जाणार हे उघड आहे. त्याबरोबर तयार खेळांच्या पेट्याही महाविद्यालयांत येतील. त्या नाकारण्याची गरज नाही. पहिल्या दिवसाचा संकोच घालवण्यापुरते त्यांचे काम मान्य करावे. पण संकोच जाणे आणि संघ होणे यांत बरेच अंतर आहे. मराठीत ‘खेळीमेळी’ हा जोडशब्द रूढ आहे. केवळ खेळ लावून दिल्याने मेळ साधत नाही. जो खेळ कामाइतका खरा असतो, ज्यात चुकीला किंमत आणि चुकणाऱ्याला आधार असतो, त्यातूनच तो साधतो. सिंधुदुर्गातील जत्रेच्या रात्री एका बाकड्याभोवती ही गोष्ट आजही पाहता येते. डिझाइनच्या अध्यापकांनी ती अभ्यासाचा विषय म्हणून पाहिली, तर गटकार्याच्या अध्यापनाला तिचा निश्चित उपयोग होईल.